ओहोटीची वेळ लहान मुलांसाठी मोकळी ठेवा

कोकणात समुद्रावर सुट्टीला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा दिवस 'पॉइंट' मोजत जातो: सकाळी मंदिर, मग किल्ला, डॉल्फिन दाखवणारी बोट, जेवण, दुसरा किनारा आणि सूर्यास्त. दीड-दोन वर्षांचे मूल बरोबर असेल तर हा बेत सरळ बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. त्या मुलाचा निम्मा दिवस गाडीत चढण्या-उतरण्यात जातो, झोप मोडते, जेवण हुकते आणि संध्याकाळी रडारड सुरू झाली की आपण म्हणतो, पोराला इथली हवा मानवली नाही.

आम्ही लेकीला घेऊन दापोली तालुक्यातल्या मुरुड-कर्द्याला जातो (जंजिऱ्याच्या मुरुडला नव्हे), तेव्हा दिवसाचा बेत भरती-ओहोटी पाहून ठरवतो. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी. ही वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब अंदाजाचा असल्याने निघण्यापूर्वी मोबाइलवर त्या दिवसाच्या वेळा पाहून घ्याव्यात आणि ओहोटी भर दुपारी येत असेल, तर उन्हात न जाता सकाळी पाणी उतरू लागल्यावरचे तास धरावेत.

ओहोटीचा आग्रह एवढ्यासाठी की, भरतीच्या वेळी मुलाच्या वाट्याला येते ती वरची भुसभुशीत वाळू, जिच्यात इवले पाय रुततात, आणि समोर अंगावर येणारी लाट. पाणी मागे गेले की मंद उताराच्या त्या किनाऱ्यावर ओली, घट्ट वाळू दूरवर उघडी पडते आणि नुकतेच चालायला शिकलेले मूल तिच्यावर अक्षरशः धावते. याच वेळी नखाएवढे खेकडे बिळांतून बाहेर येतात, वाळूतले खाण्याजोगे कण वेचतात आणि उरलेल्या वाळूचे बारीक मणी करून बिळाभोवती मांडत जातात. आमची लेक उकिडवी बसून त्यातला एक मणी चिमटीत धरते, तो फुटला की बोटांकडे पाहते आणि पुढच्याकडे वळते. खेकडा बिळात शिरला की तो परत येईपर्यंत श्वास रोखून बसते. तिचा अर्धा तास यात सहज जातो, आणि यापेक्षा मोठे कोणतेही स्थलदर्शन तिला हवे आहे असे मला वाटत नाही. पाणी घोट्याएवढे असले तरी आमच्यापैकी एकाचा हात तिच्या हातात असतोच. त्याबाबत सवलत नाही.

दुपारी खोलीवर मऊ भात, तूप, मेतकूट आणि झोप. आदल्या दिवशी सांगून ठेवले तर घरगुती खानावळीतल्या काकू मुलांसाठी बिनतिखटाचे वेगळे काढून ठेवतात. हर्णैचा मासळी लिलाव पाहण्यासारखा आहे. मात्र तिथे मूल कडेवरच असू द्यावे.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती. ओहोटीची हीच घट्ट वाळू गाडी पळवणाऱ्यांनाही हवी असते. मुले बसून खेळत असतात तिथूनच जीप भरधाव जातात, गोल गोल फिरवल्या जातात, आणि हटकले तर 'किनारा सगळ्यांचा आहे' हे उत्तर मिळते. तो सगळ्यांचा आहे म्हणूनच तिथे गाडी नको. वाळूत बसलेले दोन फुटांचे मूल चालकाच्या जागेवरून दिसेलच याची खात्री नसते. चाकांखाली खेकड्यांची बिळे दबतात. आंजर्ले, वेळासच्या बाजूला ज्या वाळूत कासवे अंडी घालतात, तिथे होणारे नुकसान तर आणखी मोठे.

म्हणून किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींकडे माझी मागणी आहे की, वाळूत उतरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर मजबूत अडसर लावावा, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहाव्यात आणि मुलांचे पाय धुण्यासाठी गोड्या पाण्याचा एक नळ व एक स्वच्छ स्वच्छतागृह द्यावे. यासाठी वाहनतळाचे शुल्क थोडे वाढवले तरी आम्ही पालक ते आनंदाने देऊ.