खंयचो ब्राऊन, भाई?

चवथीआधी घर रंगवायला काढलं की रंगापेक्षा रंगाचं इंग्रजी महाग पडतं. उघड्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला शोभेल असा तपकिरी हवा, एवढंच आपलं मागणं. म्हापशातला दुकानदार शेड कार्ड उलगडून विचारतो, "खंयचो ब्राऊन, भाई? टॅन, कॅरमल, चेस्टनट?" आपण ऐटीत सांगतो, "वॉर्म ब्राऊन." तो मान डोलावतो. ही मान फार धोक्याची.

माझ्या मते खाण्याची नावं आधी बाद करावीत. संगणकाच्या ठरीव रंगांतलं 'चॉकलेट' उघडउघड नारिंगी आहे. 'टोप' (taupe) कानाला भारदस्त, पण त्यात राखाडी मिसळलेला. 'बर्न्ट सिएना' मात्र कामाचं. इटलीतल्या सिएनाची पिवळट माती भाजली की तिच्यातल्या लोहसंयुगातलं पाणी उडून ती तांबडी होते. आपल्या चिऱ्याचा तांबडेपणाही लोहाचाच, म्हणून दोघांचं जमतं. 'अंबर' (umber) या मातीच्या रंगात मँगनीज असतं, तो काळपटच राहणार. सेपिया मूळची माणक्यांची, म्हणजे कटलफिशची शाई. ती ताटातच बरी.

नावं जमली नाहीत तर सरळ गडदपणा, झाक आणि मग ब्राऊन, याच क्रमाने बोलावं: 'मीडियम रेडिश ब्राऊन'. भडक नको असेल तर पुढे 'स्लाइटली म्यूटेड'. अमेरिकेतल्या आयएससीसी-एनबीएस पद्धतीत रंगांची २६७ नावं साधारण अशीच बांधली आहेत. तिथे मोका, लाते वगैरे कुणी विचारत नाही.

झाक एकट्या तुकड्यात कळत नाही. दोन ब्राऊन शेजारी धरले की एक लगेच पिवळट पडतो. त्यात तपकिरी म्हणजे शेजारी उजेड असताना दिसणारा गडद नारिंगी. पांढऱ्या कार्डावर तो सोज्वळ वाटतो, अख्खी भिंत रंगली की आतला नारिंगी डोकं वर काढतो. म्हणून दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना, दोन हात मारून, पूर्ण वाळल्यावरच पाहावा. पावसात वाळायला वेळ लागतो. पेंटर 'सुकलं' म्हणतो ते त्याच्या घाईपुरतं. सकाळी उन्हात बघा, रात्री दिव्याखाली बघा. २७०० केल्विनच्या पिवळ्या बल्बखाली तांबूस दिसणारा ६५०० च्या पांढऱ्या ट्यूबखाली मातकट होतो. दुबईतल्या भावाला फोटो पाठवून मत विचारू नये. फोन स्वतःच रंग बदलतो.

पसंत पडला की झाकणावरचा शेड कोड आणि बेस (ज्या मूळ रंगात शेड मिसळली तो) तिथल्या तिथे उतरवून घ्या. पेंटर पहिल्याच दिवशी त्या झाकणावर ब्रश ठेवतो.