लर्निंगचा स्लॉट, तिसऱ्यांदा

पंधरा प्रश्न. त्यातले नऊ बरोबर आले की झालं. लर्निंग लायसनच्या एवढ्याशा परीक्षेसाठी मी तिसऱ्यांदा रजा टाकलीय!

पहिल्यांदा स्लॉट मिळाला तोच बावीस दिवसांनी. आरटीओत गेलो, तर सर्व्हर डाऊन. ‘उद्या या.’ उद्या कसा येणार? उद्याचा स्लॉट कुठाय माझ्याकडे? दुसऱ्यांदा म्हटलं, आधारवरून घरबसल्याच देऊ. ओटीपी आला, पण वेळ संपल्यावर. पुन्हा मागवला, आला, परीक्षा सुरू झाली, आणि सातव्या प्रश्नाला आई चहा घेऊन मागे उभी राहिली. कॅमेऱ्यात दोन चेहरे. परीक्षा रद्द. आईला आता काय बोलणार? चहा मात्र फक्कड होता.

अभ्यास तर इतका झालाय की झोपेत विचारा. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंगला मनाई, फुली असेल तर थांबायलाही मनाई. त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना. आमच्या चौकात त्या फुलीच्या पाटीखालीच वडापावची गाडी लागते आणि तिच्यापुढे दहा स्कूटर, हा भाग वेगळा.

वर शेजारचे काका रोज विचारतात, “झालं का रे लायसन? एजंटला द्यायचं ना, कशाला डोकेफोड!” काका, तुम्ही सिग्नलला कधी थांबलेले मी पाहिले नाहीत, तुम्ही तरी बोलू नका.

आता मंगळवारी अकराचा स्लॉट आहे. आईला आत्ताच सांगून ठेवलंय, अकरा ते बारा चहा नको.