अंगठे चाळीस, हरकती सात

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या बागेसाठी राखीव असलेल्या प्लॉटचं आरक्षण बदलायची नोटीस पेपरात आली. नगररचना कायद्याच्या कलम ३७ वाली, हरकती-सूचनांना मुदत एक महिना. झालं, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा. प्लॉटचे फोटो, लालबुंद चेहरे, कुणीतरी लिहिलं 'आता एकत्र यायलाच हवं', त्याखाली चाळीस अंगठे. आणि महिना संपला तेव्हा ऑफिसात लेखी देऊन पोच घेतलेल्या हरकती किती? सात. त्यातली एक माझी, एक सासूबाईंची, तीही मीच लिहिलेली, त्यांनी फक्त सही केली.

आधी मी लोकांवरच चिडले. अरे बाबांनो, ग्रुपवरचा अंगठा म्हणजे हरकत नव्हे, फाइलला लागतो तो कागद. पण नंतर वाटलं, लोक तरी काय लिहिणार? त्या आरक्षणाचा नकाशा मी जाऊन बघितलाय. रंगांचे पट्टे, सर्व्हे नंबर, रेघांवर रेघा. मी सिव्हिल डिप्लोमावाली, तरी आपली गल्ली शोधायला पंधरा मिनिटं लागली. ज्याला नकाशा वाचता येतो तोच बोलणार, बाकीच्यांनी अंगठे द्यायचे, असं चाललंय.

याच्यावर जगात एक भारी प्रयोग झालाय आणि तो चक्क पोरांच्या गेममध्ये. माइनक्राफ्ट, ठोकळ्यावर ठोकळा रचून जग उभं करायचा गेम, ज्याच्यासाठी आपण घरात ओरडत असतो, तेच. २०१२ मध्ये ते बनवणारी मोजांग कंपनी आणि यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची शहरं-वस्त्यांवर काम करणारी संस्था यांनी 'ब्लॉक बाय ब्लॉक' सुरू केलं. वस्तीतली मोकळी जागा गेममध्ये आहे तशी उभी करायची, मग तिथल्याच लोकांना बसवायचं आणि म्हणायचं, करा काय बदल करायचेत ते. नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत केलं, नेपाळमध्ये कीर्तिपूरला केलं, मुंबईत गौतम नगरलाही केलं. हैतीत ले काय नावाच्या गावातले मच्छीमार, लिहिता-वाचता न येणारे, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेले, त्यांनी पाणी अडवायला समुद्राच्या बाजूनं भिंत बांधून दाखवली आणि सार्वजनिक संडासही घातले. कागदावरच्या नकाशावर त्यांना कुणी विचारलं असतं का?

तसं आभासी जगात समाजकार्य हे काही नवीन नाही. सेकंड लाइफ नावाच्या ऑनलाइन जगात २००५ पासून अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी लोक आपापले अवतार, म्हणजे पडद्यावरच्या आपल्या बाहुल्या, घेऊन तिथल्या ट्रॅकवर चालतात आणि खरे डॉलर जमा होतात. छान आहे, पण मला त्याचं एवढं कौतुक नाही, पैसे गोळा करायला आपल्याकडे क्यूआर कोड पुरतो. माइनक्राफ्टचं वेगळं असं की तिथं माणूस नुसता 'पाठिंबा' देऊन सुटत नाही, बाक ठेवायचा तर कुठं ठेवायचा ते त्याला ठरवावं लागतं, आणि शेजारचा म्हणतो तिथं नको, मग खरं भांडण सुरू होतं. आमच्या ग्रुपवर महिनाभर भांडण झालं पण बाकावरून एकदाही नाही.

दिवाळीत भाचा आला होता, आठवीतला. त्याला तो प्लॉट दाखवून आणला, दोन दिवसांत पठ्ठ्यानं गेममध्ये उभा केला, कोपऱ्यातल्या ट्रान्सफॉर्मरसकट. सासूबाई सहज मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, गेट इकडून कशाला? इथं रिक्षा थांबतात, आम्ही म्हाताऱ्यांनी जायचं कुठून? मागच्या गल्लीकडून कर." मी बघतच राहिले! सही केलेल्या हरकतीत यातलं एक अक्षर नव्हतं, कारण मी त्यांना विचारलंच नव्हतं. मीच सगळ्यांचं ठरवून मोकळी.

सुनावणी अजून व्हायचीय. तारीख लागली की लॅपटॉप घेऊन जाणार आहे, बघू देतात का दाखवायला. सासूबाईही येणार आहेत, म्हणाल्या बॅटरी पूर्ण भरून घे, तिथले प्लग चालत नसतात.