पेपरवाला पाहिजे का बिनपेपरचा?

"पेपरवाला पाहिजे का बिनपेपरचा?"

फोनवरच्या माणसाने हे विचारलं तेव्हा मी स्पीकर चालू ठेवला होता, ही माझी चूक. आतून आई म्हणाली, "पेपरवाल्याचं बिल दिलंय रे मी एक तारखेलाच."

विषय लॅब्रॅडॉरचा होता. लेक सात वर्षांची असताना तिने कुत्रा मागितला आणि "बारा वर्षांची झालीस की आणू" असं म्हणून मी मोकळा झालो. पाच वर्षांत पोरं विसरतात, असा माझा समज. या पोरीने ते वाक्य वहीत लिहून खाली माझी सही घेतली होती. बाराव्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी ती वही बाहेर आली.

घरात लगेच दोन पक्ष पडले. मला लॅब्रॅडॉर हवा होता, कारण लहानपणी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे होता आणि मला डॉक्टरांपेक्षा तो आवडायचा. बायकोचं म्हणणं, शेल्टरमध्ये इतकी कुत्री वाट बघत बसलेली असताना पैसे मोजून कशाला? लेकीला दोन्ही चालणार होते, म्हणजे दोन्ही हवे होते. अण्णा म्हणाले, "आमच्या वाड्यात कुत्रा होता. त्याला कुणी आणला नव्हता, तोच आला होता. आणि एक आधीच सांगून ठेवतो, मी त्याचं काहीही करणार नाही."

तर, पेपरवाला. पेपर म्हणजे केनेल क्लबची, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, वंशावळ. ती नको असेल तर पिल्लू निम्म्या किमतीत. अण्णांच्या हे चटकन लक्षात आलं. "सोनाराकडे पावतीसकट आणि पावतीशिवाय असतं, तसं." पिल्लू 'हेवी बोन' होतं, 'शो क्वालिटी' होतं आणि अठ्ठावीस दिवसांचं होतं. आजच न्या, उद्या राहणार नाही. बायकोने तोवर मोबाइलवर २०१७ चे केंद्राचे नियम उघडले होते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तिने नोंदणी क्रमांक विचारला. "मॅडम, कुत्रा घेताय का रेशन कार्ड काढताय?" बरं, पिल्लाची आई बघायला मिळेल का? पलीकडे जरा शांतता. मग उत्तर आलं, "आई गावाला गेलीय."

"अठ्ठावीस दिवसांचं लेकरू टाकून कुठली आई गावाला जाते?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला आणि तो व्यवहार तिथेच संपला. त्या गृहस्थाने आमच्याबद्दल एकच चौकशी केली होती: रोख देणार का जीपे.

मग कुणाच्या तरी ओळखीने एका बाईंचा पत्ता मिळाला. शहराबाहेर तासाभरावर घर, तीन कुत्र्या, वर्षाला फार तर एक वेत. बाई मुख्याध्यापिका नव्हत्या, पण मी चपला काढून सरळ रेषेत ठेवल्या. त्यांनी आधी पिल्लांच्या आईची भेट घडवली (ती गावाला गेलेली नव्हती), मग तिच्या खुब्याचा एक्सरे उजेडासमोर धरला. या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आईबापांकडून उतरतो, म्हणून दोघांचे एक्सरे बघितल्याशिवाय त्या जोडी जुळवत नाहीत. आमच्या वेळी नुसती पत्रिका बघितली होती. अण्णांचे गुडघे माझ्याकडे आलेत, हे बायकोला लग्नानंतर कळलं.

"लॅब्रॅडॉरच का?" बाईंनी विचारलं.

"शांत असतो ना, म्हणून."

"तीन वर्षांचा झाला की. तोवर काय करणार?" मग त्यांनी सांगितलं की न्यूफाउंडलंडचे कोळी गार पाण्यातून जाळी ओढायला जी कुत्री वापरत, त्यांचा हा वंशज. "तुमच्याकडे त्याला ओढायला काय आहे?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. ओढण्यासारखा घरात फक्त गृहकर्जाचा हप्ता होता.

पुढे भुकेचा विषय निघाला. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रॅडॉरांमध्ये एक जनुकीय बदल सापडला. साधारण दर चारातल्या एकात तो असतो आणि अशा कुत्र्याचं लक्ष सतत खाण्यावर असतं. हे ऐकून बायकोने माझ्याकडे बघितलं. बघायची काही गरज नव्हती. शेवटी बाईंनी कराराचा कागद पुढे केला. कुत्रा सांभाळणं जमलं नाही तर तो रस्त्यावर सोडायचा नाही, मेहुण्याला द्यायचा नाही, त्यांच्याकडेच परत आणायचा. पुढची पिल्लं दिवाळीनंतर, आणि आमच्या आधी नऊ जण. पैसे खिशात असूनही मी हात हलवत परत आलो. असं याआधी फक्त शाळाप्रवेशाच्या वेळी झालं होतं.

शेल्टरमध्ये तरी कुणी रांग लावायला सांगणार नाही, असं वाटलं होतं. तिथे चार पानी अर्ज होता. आत गावठी कुत्री होती, तसे दोन लॅब्रॅडॉरही होते, कुणीतरी फाटकाला बांधून गेलेले. आणि एक हस्की, म्हणजे बर्फातला कुत्रा, एप्रिलच्या पुण्यात, पंख्याखाली जिभेसकट पसरलेला. अर्जातला अकरावा प्रश्न असा: 'बदली, घटस्फोट किंवा परदेशगमन झाल्यास कुत्रा कोणाकडे राहील?' आम्ही दोघांनी एकाच वेळी "माझ्याकडे" म्हटलं. मग "तुझ्याकडे का?" पासून जे सुरू झालं ते चुलतभावाच्या लग्नापर्यंत पोचलं. शेवटी तिथल्या मुलीने हळूच सांगितलं की हा प्रश्न ऐच्छिक आहे.

बाकी प्रश्न शब्दशः बाईंचेच. घर स्वतःचं का? घरात कुणाला कुत्रा नकोय का? गावाला जाताना काय कराल? एवढ्या खटाटोपात बिनचौकशीचा निघाला तो फक्त गावाला गेलेल्या आईचा मालक.

मग ती मुलगी घर बघायला आली. घर बघायला कुणी येणार म्हटल्यावर आईने पोहे केले, वर ओलं खोबरं. मुलीने पोहे बाजूला ठेवून आधी बाल्कनीच्या ग्रिलमधून मूठ घालून बघितली. मग विचारलं, "दिवसा घर किती तास रिकामं असतं?"

मी हिशोब मांडला. आम्ही दोघं नऊ ते सात, लेक शाळेतून येते चारला. "सात तास."

"सात तास रिकामं?" खुर्चीतून अण्णांचा आवाज आला. "मग मी कोण? आणि ही? आम्ही काय फर्निचर?"

मुलीने पेन थांबवलं. "आजोबा, तुम्ही बघाल त्याचं?"

"न बघायला काय झालं!"

यानंतर मुलाखत माझ्याकडून काढून घेण्यात आली. किती वाजता उठता? साडेपाचला. फिरता का? मारुतीच्या देवळापर्यंत, रोज, पावसातही. चिडता का? अण्णा गप्प. "जेवताना मध्ये बोललं तर गुरगुरतात," आईने सांगितलं. मुलगी हसली आणि म्हणाली, "तुमच्यासाठी एक आहे."

लेकीला पिल्लू हवं होतं. आला तो चार वर्षांचा, तांबूस, गावठी. एका कानाचं टोक कापलेलं, नसबंदी झाल्याची खूण. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यातच हरकत घेतली. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, हे सांगणारं पशुकल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक बायको पर्समध्ये घेऊन फिरत होती. ते वाचायला त्यांना चष्मा सापडेना, तेवढ्यात आम्ही वर पोचलो.

शेल्टरमध्ये त्याचं नाव ऑस्कर होतं. "कशाबद्दल मिळाला?" असं विचारून अण्णांनी ते रद्द केलं. आमचं कुलदैवत जेजुरीचं, त्यामुळे खंड्या ठरायला दोन मिनिटं लागली. 'सिट' बंद, 'बस' सुरू. पहिले चार दिवस तो सोफ्यामागून बाहेर आला नाही. पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला दारात अण्णांच्या चपलांशेजारी उभा होता. वंशावळ शून्य, कागद म्हणून एक लसीकरणाचं पुस्तक, त्याचाही कोपरा त्याने नंतर खाल्ला.

दिवाळी झाली. एका रविवारी सकाळी बाईंचा फोन आला, आमचा नंबर लागला होता. काळी मादी, आठ आठवडे पूर्ण, आईबापांचे एक्सरे उत्तम. स्पीकर चालूच होता, मी सुधारलेलो नाही.

हॉलमध्ये अण्णा खुर्चीत, चष्मा नाकावर, हात रिकामे. रविवारची पुरवणी जमिनीवर आणि तिच्यावर खंड्या, चारी पाय पसरून. अण्णा त्याला उठवत नव्हते. शेपटीच्या अलीकडे जेवढ्या ओळी दिसत होत्या तेवढ्याच वाकून वाचत होते.

"त्यांना सांग," आतून आई म्हणाली, "आमच्याकडे पेपरवाला आहे."