नुसता कागद कापून बघून चाकू घेऊ नका

द्राक्षवाल्यांच्या आणि ट्रेकवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. न मिटणारा छोटा चाकू घेताना म्हणे चारच गोष्टी बघा: पातं जाड, पोलाद कधीच न गंजणारं, म्यान चामड्याचं, आणि कागद सरसर कापला की डोळे मिटून पैसे द्या. नाशिकच्या दुकानात उभं राहून असे कागद मीही कापलेत. घरी येऊन पस्तावलोय.

कागदाचं आधी उरकतो. कागद फक्त आजची धार सांगतो. पोलादाला पाणी नीट दिलंय की नाही, म्हणजे तापवून-थंड करून ते नीट कडक केलंय की नाही, ते द्राक्षाच्या पन्नासेक काड्या कापल्यावर कळतं.

जाडीचा मुद्दा तर बागेत उलटाच पडतो. डॉगरीजच्या (द्राक्षाच्या एका जंगली जातीच्या) खुंटावर पाचर कलम भरताना काडीचं टोक दोन्ही बाजूंनी, एकाच ओढीत तिरपं कापावं लागतं. जाड पातं काडी कापत नाही, फाकवतं. काप खडबडीत झाला की साल सालीला भिडत नाही आणि कलम वाळतं. लाकडं फोडायला कोयता आहे की घरात! स्वीडनच्या मोरा कंपॅनियनचं पातं सुमारे 10 सेंमी लांब आणि अवघं अडीच मिमी जाड. बारीकसारीक कामाला तेवढं पुष्कळ.

‘कधीच न गंजणारं’ असं पोलाद नसतं. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की स्टेनलेस म्हणायचं, इतकंच. ते कमी गंजतं. माझं साधं, स्टेनलेस नसलेलं पातं लिंबू कापून तसंच ठेवलं तर तासाभरात काळवंडतं, हे कबूल. पण बोर्डो, म्हणजे बागेवर फवारायचं बुरशीनाशक, करताना मी तेच वापरतो. 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मग पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. नंतर धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवलं की झालं.

राहिलं म्यान, आणि मेसेज तिथेच सगळ्यात जास्त चुकतो. पावसाळ्यात हरिहर गडाच्या पायऱ्या उतरत होतो, दोन्ही हात खोबण्यांत. चामड्याचं म्यान भिजून सैल पडलेलं. चाकू निसटला आणि खडकावर आपटत खाली गेला. खाली कुणी नव्हतं, नशीब! तेव्हापासून दुकानात मी म्यान आधी बघतो. चाकू आत घालून गादीवर किंवा पोत्यावर उलटा धरायचा आणि झटकायचा. पडला तर परत द्यायचा. मग एका हाताने काढून बघायचा. काढताना बोट धारेच्या वाटेत येत असेल तर तेही म्यान नको. चामड्याच्या म्यानात शिवणीच्या आतून एक जादा पट्टी हवी, नाहीतर धार दोराच कापते. प्लास्टिकचं असेल तर तळाला पाणी निथळायला भोक बघा.

चामडंच आवडत असेल तर घ्या, पण इगतपुरीकडच्या पावसातून आल्यावर चाकू रात्रभर त्यात ठेवू नका. ओलं चामडं पात्याला गंज चढवतं. म्यान वेगळं, सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवलंत तर आक्रसून चाकूच आत जाणार नाही.