चाक कुठे बघतंय?

गाडीचा टायर आतल्या कडेने झिजतो, ही त्याची सगळ्यात मोठी लबाडी. बाहेरून बघाल तर खाचा ठसठशीत, दसऱ्याला हार घालावा असा. आणि वाकून आत बघाल तर तारा बाहेर यायच्या बेतात. पण वाकणार कोण? जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असताना भरदुपारी डांबरावर गुडघे टेकून दाखवा, मग बोलू.

माझ्या टायरची चोरी पंक्चर काढणाऱ्या पोराने पकडली. त्याने चाक उतरवलं, उलटं केलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पैसे मागायच्या आधीच मी खिशात हात घातला. "दादा, आतून पुरा घिसाई गया. फुटी जाई."

तेव्हापासून गाडी माझी उरली नाही, गल्लीची झाली. आमच्याकडे माणूस आजारी पडला तर विचारपूस होते, गाडी आजारी पडली तर परिषद भरते. सराफाकडे कामाला असलेले शेजारी म्हणाले, हवा जास्त झाली. केळीचा ट्रक रावेरहून दिल्लीला नेणारा चुलतभाऊ म्हणाला, हवा कमी. आता हवा जास्त असेल तर टायर मधोमध झिजतो, कमी असेल तर दोन्ही कडांनी. एकच कड, तीही आतली, यात हवेचा हात नाही. पण हे ऐकून घ्यायला कुणी मोकळं नव्हतं. तोवर विषय 'उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी, तापून वाढते' इथपर्यंत पोचला होता. हा समज तापीच्या दोन्ही काठांवर सारखाच पक्का आहे. खरं तर कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, दर फेऱ्याला जास्त वाकतो आणि म्हणूनच जास्त तापतो. फुटायची भीती उलट वाढते. मी एवढं बोललो तर चुलतभावाने चहाचे पैसे मला द्यायला लावले.

मग सासरे आले. मामा भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त. जगातली कोणतीही अडचण रेल्वेने आधीच सोडवलेली आहे, या श्रद्धेवर त्यांचं पेन्शन चालतं. "जवाईबापू, आमच्या डब्याले कधी अलाइनमेंट करेल पाह्यली का?" अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा जुळवणं; डब्याची नव्हती पाहिली. मग त्यांनी शेवभाजी निवेपर्यंत समजावलं: रेल्वेच्या चाकाचा घेर आतल्या बाजूला मोठा आणि बाहेर लहान असतो, त्या उतारामुळे डबा आपोआप रुळांच्या मधोमध येतो. शास्त्र बिनचूक होतं. फक्त माझ्या दारापासून बाजारापर्यंत रूळ नव्हते.

शेवटी धुळे रस्त्यावरच्या अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. मामा सोबत होतेच. चारी चाकांना ठिपक्यांच्या पाट्या बसवल्या, समोर कॅमेरे, पडद्यावर लाल आकडे. मला काही कळलं नाही असं बघून तिथल्या कारागिराने मराठीत आणलं: "दादा, पुढली दोन्ही चाकं भांडेल भाऊसना मायक दोन दिशाले दखी राह्यनात." म्हणजे टो-आउट. चाकांची पुढची टोकं बाहेर फाकलेली, म्हणून टायर सरळ लोळायचा सोडून आतल्या कडेवर घासत जातो.

मी घरी बसून हिशेब केला. चाक एक अंशाने वाकडं असलं, तर किलोमीटरमागे साडेसतरा मीटर ते आडवं घासतं. जळगाव ते धुळे धरा नव्वदेक किलोमीटर. आपण सभ्यपणे धुळ्याला उतरतो, तोवर चाक मनातल्या मनात दीड किलोमीटर कुणाच्यातरी कपाशीत शिरून आलेलं असतं.

कारागिराने टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, फिरवून टो जुळवला, लाल आकडे हिरवे झाले. कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याचा, एक आकडा लालच राहिला, तर म्हणाला या गाडीत तो हलवायची सोयच नाही. छापलेला कागद मामांनी हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "सही-शिक्का कुठे शे?"

हिरवा कागद डॅशबोर्डमध्ये आणि टायर पुन्हा आतून झिजायला लागला. आता दुकानात भांडायला जावं, असं घरात ठरत होतं. पण एरंडोलकडे एक म्हातारा मेकॅनिक आहे, त्याच्याकडे यंत्र नाही, जॅक आहे. त्याने आधी टायरवरून आडवा तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की बोटांना धार लागते. टो बिघडल्याची ही खूण आंधळ्यालाही वाचता येते. मग गाडी उचलली, चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं, मग वर-खाली. काही नाही. शेवटी त्याने चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्ममध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि जरा रेटली. आर्म डुलला. त्याच्या सांध्यातल्या बुशचं रबर फाटलेलं.

यंत्राने उभ्या गाडीचं माप घेतलं होतं, आणि उभ्या गाडीचं माप बरोबरच होतं. ब्रेक दाबला की आर्म मागे सरकायचा, चाक हवं तिकडे बघायचं. आधी बुश, मग अलाइनमेंट. उलट क्रमाने केलं तर पैसे जातात आणि कागद तेवढा हिरवा राहतो. मला त्या अलाइनमेंटवाल्या कारागिराचा राग नाही, पण टॉमी त्याच्याही दुकानात होती.

या सगळ्यात बिघडले ते मामा. आता ते लग्नात मांडवात शिरत नाहीत, आधी पार्किंगला जातात. परवा रावेरला नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी उभी होती. मामांनी धोतर सावरलं, उकिडवे बसले, टायरवर हात फिरवला आणि वऱ्हाडासमोर खणखणीत आवाजात जाहीर केलं, "आतून खराब शे!"

मुलीचा मामा तिथेच उभा होता. त्याने नवरदेवाच्या वडिलांना बाजूला बोलावलं.