चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका

काल सकाळी बाबा चालू गाडीचं बॉनेट उघडून, दहा नंबरचा पाना घेऊन उभे होते. धावत जाऊन हात धरला. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला होता: 'इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बंद पडलं तर अल्टरनेटर गेला, चालू राहिलं तर बॅटरी गेली.'

कुणीही हे करू नका! अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं, बॅटरी चार्ज करणारं यंत्र. तो करंट देत असताना बॅटरी अचानक सुटली, की त्याच्या फील्ड कॉइलमधलं चुंबकत्व लगेच उतरत नाही. तेवढ्या वेळात व्होल्टेज उसळतं. याला लोड डंप म्हणतात. आयएसओ १६७५०-२ हे आंतरराष्ट्रीय मानक बारा व्होल्टच्या गाडीसाठी ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरतं, ४० ते ४०० मिलिसेकंदांचा. अल्टरनेटरमध्ये झटका दाबणारी सोय असली तरी साधारण ३५ व्होल्ट. तो सोसायचा कुणी? ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, ज्याच्या किमतीत कितीतरी बॅटऱ्या येतील. आणि एवढं करून उत्तरही खात्रीचं नाही. एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला अल्टरनेटरसुद्धा इंजिन चालू ठेवतो.

कार्ब्युरेटरच्या जमान्यातले मिस्त्री असं करायचे, हे मान्य. त्या गाड्यांत जळायला कॉम्प्युटरच नव्हता. डायोड मात्र तेव्हाही उडायचे.

'बॅटरीचा लाल दिवा लागला की बॅटरी बदला' हेही चूक. इंजिन चालू असताना तो दिवा चार्जिंगमधला बिघाड सांगतो. 'दहा मिनिटं रेस करा, बॅटरी फुल' हे तर साफ खोटं. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला चार्जरवर कित्येक तास लागतात. टर्मिनलवर कोल्ड्रिंक ओतलं तर खार सुटतो खरा, पण साखर चिकटून बसते. त्यासाठी गरम पाण्यात खायचा सोडा पुरतो.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. मग गाडी चालू करून बघा: बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ हवेत. आकडा वाढलाच नाही, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला, तर व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरवर संशय.

बाबांच्या गाडीत उभ्याने १२.३ होते, चालू केल्यावरही १२.३. गाडी बंद करून अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट बोटाने दाबला तर चांगला सैल. मेसेजच्या हिशेबाने बाबा नवा अल्टरनेटर आणायला निघाले असते. वायरमनने बेल्ट ताणून दिला आणि मीटरवर १४.१ आले.